खाऱ्या वाऱ्याची शिराझ: 2019 आणि 2021 च्या बाटल्यांत एवढा फरक का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मॅकलारेन व्हेलची शिराझ, म्हणजे त्या नावाच्या काळ्या द्राक्षाची रेड वाइन, एकच वायनरी, एकच लेबल. एक बाटली 2019 ची, दुसरी 2021 ची. पहिली दाट, जांभळाच्या मुरंब्यासारखी, घशाशी थोडी गरम. दुसरीत मिरपुडीचा वास, ताजं फळ आणि पुढचा घोट घ्यावासा वाटेल अशी आंबट धार. दोन्ही बाटल्यांच्या मागे मात्र समुद्राच्या थंड वाऱ्यांचं तेच कौतुक छापलेलं. हे खरं की जाहिरात? वाऱ्यातलं मीठ वाइनमध्ये उतरतं का? आणि समुद्र इतका गुणी असेल तर आपल्या रत्नागिरीत शिराझ का होत नाही?

मी मूळची दिंडोरी तालुक्यातली. घरी थॉमसन द्राक्षांची बाग, त्यामुळं छाटणी, विरळणी, भुरी (वेलीचा बुरशीचा रोग) हे शब्द पुस्तकाआधी कानावर पडलेले. 2007 मध्ये अ‍ॅडलेडला वाइन बनवायचं शिकायला गेले आणि 2008 पासूनचे पंधरा-सोळा हंगाम बहुतेक मॅकलारेन व्हेलमध्येच काढले. त्यामुळं उत्तर लांबणार. घाईत असाल तर एवढंच वाचा: समुद्रामुळं शिराझला पिकायला वेळ मिळतो आणि बाकी सगळं त्या वेळेतून येतं. कुठल्या साली किती वेळ मिळाला, हीच तुमच्या दोन बाटल्यांची गोष्ट आहे.

आता सविस्तर. अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला 35-40 किलोमीटरवर हा भाग आहे. पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटचं आखात, पूर्वेला आणि आग्नेयेला माउंट लॉफ्टीची डोंगररांग. काही बागा अशा की ओळीच्या टोकाला उभं राहिलं की निळं पाणी दिसतं, आणि डोंगराकडच्या बागासुद्धा किनाऱ्यापासून फार तर पंधरा-वीस किलोमीटर. तिकडं दक्षिण गोलार्ध, ऋतू आपल्या उलटे: पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, म्हणजे मे ते सप्टेंबर. वेलीच्या वाढीच्या काळात, ऑक्टोबर ते एप्रिल, जेमतेम 200 मिलिमीटर. इथल्या बागायतीचा अर्ध्याहून जास्त भाग एकट्या शिराझचा. (नाव इराणी शहराचं असलं तरी जात फ्रान्सची. 1990 च्या दशकाच्या अखेरीस डीएनए चाचणीत तिचे आईबाप दुरेझा आणि मोंद्यूझ ब्लांश या आग्नेय फ्रान्समधल्या दोन फारशा कोणाला माहीत नसलेल्या जाती निघाल्या. इराणची कथा सांगणारे अजूनही सांगतात, सांगू देत.)

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते आठवा. दिवसा जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची गार हवा आत येते. मॅकलारेन व्हेलमध्ये उन्हाळ्याच्या साध्या दिवशी हे अगदी घड्याळ लावल्यासारखं होतं. दुपारी एक-दीडपर्यंत ऊन चढत जातं आणि मग पानं एकदम हलायला लागतात. आखाताचं पाणी उन्हाळ्यातही वीस-बावीस अंशांच्या आसपास असतं, त्यावरून आलेला वारा तापमान खाली ओढतोच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे हवेतला कोरडेपणा मारतो.

शिराझसाठी हा ओलावा का मोलाचा, ते समजायला तिचा स्वभाव माहीत हवा. हवा फार कोरडी झाली की ग्रनाशसारखी जात पानांची रंध्रं लवकर मिटून घेते, पाणी जपते. शिराझ उधळी आहे. ती रंध्रं उघडीच ठेवते, पानातून पाणी जात राहतं आणि जमिनीत ओल कमी असेल तर वेल थकते, पानं पिवळी पडून गळतात, घड उघडे पडतात. दुपारच्या त्या तीन-चार तासांत वाऱ्यानं हवेत थोडी ओल आणली की या उधळपट्टीला आपोआप लगाम बसतो.

रात्री खेळ उलटा होतो. डोंगराच्या घळींतून गार हवा खाली उतरते. तिकडचे लोक याला गली विंड म्हणतात. काही रात्री तो इतका जोरात वाहतो की शेडचे पत्रे वाजतात आणि नवीन आलेल्या माणसाला झोप लागत नाही. या वाऱ्यानं पहाटेचं दव पानांवर फार वेळ टिकत नाही, हवा साचून राहत नाही. बुरशीच्या रोगांशी भांडणाऱ्या कोणालाही याची किंमत सांगावी लागणार नाही. दिंडोरीत पहाटे बागेत गेलं की पानाच्या मागे हात फिरवून ओल बघायची सवय होती. मॅकलारेन व्हेलला पहिल्या काही आठवड्यांत मी तशीच हात फिरवत होते आणि हात कोरडा यायचा.

आता घडाच्या आत काय होतं ते. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो पिकायला लागला, की चार-पाच गोष्टी एकदम सुरू होतात, पण त्यांचे वेग वेगळे. साखर उष्णतेत भराभर चढते. मॅलिक आम्ल उष्णतेत जळून जातं, रात्र गार असेल तर टिकतं. सालीतला रंग साधारण 35 अंशांच्या वर बनायचा थांबतो, आणि बनलेलाही उतरतो. आणि मिरपुडीचा वास देणारं रोटंडोन हे संयुग सगळ्यात नाजूक. ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी 2008 मध्ये शिराझमधल्या मिरपुडीचं मूळ म्हणून ते ओळखलं. काळ्या मिऱ्यातही तेच असतं. एका लिटर रेड वाइनमध्ये 16 नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, अर्थात सगळ्यांच्या नाही. पाचातल्या सुमारे एकाला ते अजिबात जाणवत नाही, तेव्हा घरात कोणी "कुठे आहे मिरी?" म्हटलं तर वाद घालू नका. पुढं व्हिक्टोरियातल्या ग्रॅम्पियन्स भागातल्या अभ्यासात दिसलं की घडाचं तापमान 25 अंशांच्या वर जितका जास्त काळ राहतं तितकं रोटंडोन कमी. तुमच्या 2021 च्या बाटलीतली मिरपूड कुठून आली, ते इथं कळतं.

समुद्राचं काम एवढंच, की साखरेचा घोडा एकटा पुढं पळू नये. साखर सावकाश चढली की रंग, वास, टॅनिन (सालीबियांतला तुरटपणा) यांना गाठायला अवधी मिळतो आणि आम्लही शिल्लक राहतं. समुद्रापासून दूरच्या तापट भागात साखर तोडणीजोगी होते तेव्हा बिया हिरव्या असतात. बिया तपकिरी व्हायची वाट बघावी तर साखर भलतीकडे जाते.

पण मागच्या लेबलवर न छापलेली गोष्ट ही, की खारा वारा रोज येत नाही. उत्तरेकडून, वाळवंटी मुलखावरून जोराचा वारा सुटला की तो समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्याबाहेरच अडवून धरतो. म्हणजे ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त, नेमका त्याच दिवशी समुद्र रजेवर. मग नैर्ऋत्येकडून थंड हवेची लाट येईपर्यंत बघत बसायचं. सालासालात फरक पडतो तो मुख्यतः असे दिवस किती आले आणि कधी आले यानं.

माझा पहिलाच हंगाम असा निघाला. 2008, मार्च 3 ते 17. अ‍ॅडलेडमध्ये सलग 15 दिवस पारा 35 च्या वर. मी वायनरीत हंगामी कामगार, टाकीवर चढून पंपओव्हर करायचं काम, म्हणजे तळाचा रस पंपानं वर आणून सालींवर ओतायचा. रसातली साखर मोजताना तिकडं ब्रिक्स फारसं कोणी म्हणत नाही, बोमे म्हणतात; 1 बोमे म्हणजे साधारण 1.8 ब्रिक्स आणि वाइनमध्ये साधारण 1 टक्का अल्कोहोल. एका बागेची शिराझ सोमवारी 13.5 बोमे होती. "शुक्रवारी तोडू" असं ठरलं, पण शुक्रवारी टाकी रिकामी नव्हती, कारण प्रत्येकाच्या सगळ्या बागा एकाच आठवड्यात पिकल्या होत्या. क्रशरसमोर ट्रक रांगेत, मालक फोनवर ओरडतायत, आणि द्राक्षं उभ्या उभ्या सुकतायत. शेवटी तोडली तेव्हा 15.5 च्या वर गेली होती. त्या टाकीची वाइन कशी झाली विचारू नका; मनुक्यांचा काढा. आणि त्याच बागेचा वरचा तुकडा, जो फेब्रुवारीच्या शेवटी आत आला होता, त्याची वाइन त्या वर्षातल्या उत्तम वाइनपैकी एक ठरली. तेव्हापासून "2008 चांगलं साल की वाईट?" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, तोडणी कधीची?

शिराझच्या बाबतीत उशीर जास्त महाग पडतो याला आणखी एक कारण आहे. फुलोऱ्यानंतर साधारण 90 दिवसांनी तिच्या मण्याचं वजन घटायला लागतं. आतल्या पेशी मरू लागतात, वेलीकडून येणारा रस मंदावतो, मणी सुरकुततो. त्यानंतर वाढलेलं ब्रिक्स म्हणजे बऱ्याच अंशी नवी साखर नसते, पाणी उडून झालेला आटीव रस असतो. ऊस तोडायला उशीर झाला की वजन जातं, तसंच. फक्त इथं वजनाबरोबर ताजेपणाही जातो.

2009 ला जानेवारीच्या शेवटी लाट आली, अ‍ॅडलेडला 28 तारखेला 45.7 अंश. ऐकायला 2008 पेक्षा भयंकर, पण मणी तेव्हा बहुतेक ठिकाणी पिकायच्या आधीच्या अवस्थेत होते. उघडे घड भाजले, उत्पादन गेलं, पण जे वाचलं त्याला पुढं सावरायला वेळ होता. उष्णता किती यापेक्षा कधी, हे मला त्या दोन लागोपाठच्या वर्षांनी शिकवलं.

2011 उलटं. ला निनाचं वर्ष (पॅसिफिक महासागरातला असा बदल, की ऑस्ट्रेलियात पाऊस वाढतो), उन्हाळाभर ढग, पाऊस, गारवा. डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, घड पिकताना बोट्रायटिस बुरशीची कूज. तिकडच्या कित्येक तरुण बागायतदारांनी इतकी कूज आधी पाहिलेली नव्हती. मी घरी अण्णांना फोनवर सांगितलं की इथंही आता सारखी फवारणी चाललीये, तर ते म्हणाले, "म्हणजे आता कुठं तू द्राक्षवाली झालीस." वारा लागणाऱ्या उघड्या उतारावरच्या बागा बऱ्याच वाचल्या, खोलगट जागच्या गेल्या. वाइन फिकी, हलकी, काही छान मिरमिरीत, काही नुसत्या पाणचट.

आता तुमची दोन सालं. 2018 चा हिवाळा कोरडा गेला, त्यामुळं 2019 च्या हंगामात वेली आधीच तहानलेल्या. त्यात 24 जानेवारी 2019 ला अ‍ॅडलेडला 46.6 अंश, शहराच्या नोंदीतला उच्चांक. मणी लहान राहिले, घड हलके, उत्पादन कमी. लहान मण्यात रसाच्या मानानं सालीचा वाटा जास्त, म्हणून वाइन गडद, दाट, टॅनिन भरपूर. हे वाईट साल नव्हतं. मी स्वतः त्या वर्षीच्या काही शिराझ अजून जपून ठेवल्यात. पण ज्या बागांत तोडणी लांबली तिथं दाटपणाचा मुरंबा झाला, आणि तुमची बाटली त्या बाजूला झुकलेली दिसते. 2021 मध्ये मात्र पुन्हा ला निना, पण 2011 सारखा पाऊस नाही. उन्हाळा सौम्य, लांब लाट नाही, खारा वारा दुपारी वेळेवर, रात्री गार. बागा एकामागून एक, रांगेत पिकल्या. टाकीसाठी मारामारी झाली नाही. असं वर्ष दहात एक-दोनदा येतं. 2023 आणखी गार आणि उशिराचं होतं, पण ते तुमच्या प्रश्नात नाही.

एक बारीक अक्षरातली गोष्ट: ऑस्ट्रेलियन नियमानुसार लेबलवरचं साल, जात आणि प्रदेश प्रत्येकी किमान 85 टक्के खरं असावं लागतं. म्हणजे 2019 च्या बाटलीत थोडी दुसऱ्या वर्षाची वाइन कायदेशीरपणे असू शकते. वायनरीवाले याचा उपयोग सालाचे कंगोरे घासायला करतात. तरीही तुम्हाला फरक इतका ठळक जाणवला, यावरून हवामानाचा जोर लक्षात घ्या.

मातीबद्दल थोडकंच सांगते, कारण यावर लोक गरजेपेक्षा जास्त बोलतात. 2010 मध्ये मॅकलारेन व्हेलचा भूस्तर नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात चाळीसहून जास्त प्रकारचे स्तर आहेत. व्यवहारात मला दोन टोकं महत्त्वाची वाटतात. ईशान्येला ब्लूइट स्प्रिंग्जची खोल वाळू, जिथली शिराझ सुगंधी आणि मऊ. आणि सखल भागातली काळी चिकण माती, आपल्या काळ्या कसदार जमिनीची बहीणच, उन्हाळ्यात भेगाळणारी, जिथली वाइन काळीभोर आणि रुंद खांद्यांची. उष्ण वर्षी चिकण मातीत ओल टिकते म्हणून ती बाग तग धरते. ओल्या वर्षी वाळूतून निचरा होतो म्हणून ती. त्यामुळं दोन्हीकडच्या बागा हाताशी असलेला वाइनमेकर सालाला थोडं वाकवू शकतो.

मिठाचं काय? वाऱ्याच्या नावातच खारे असल्यानं ही समजूत पसरते. किनाऱ्याला अगदी खेटून असलेल्या ओळींची पानं क्वचित मिठानं करपतात, पण वाइनमध्ये खारटपणा आला तर तो वाऱ्यातून नाही, मुळांतून आलेला असतो. खारट पाणी दिलं, जमिनीत क्षार साचले, की वेल क्लोराइड उचलते आणि ते मण्यात जातं. मॅकलारेन व्हेलमध्ये बऱ्याच बागांना शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी ठिबकनं देतात. उपक्रम उत्तम आहे, पण त्यात पावसाच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, म्हणून हिवाळ्याच्या पावसानं ते धुऊन गेले की नाही यावर लक्ष ठेवावं लागतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड पोचलेली नाही, त्यामुळं जुन्या बागा स्वतःच्याच मुळांवर आहेत, क्षार अडवणाऱ्या खुंटावर (दुसऱ्या वेलीच्या मुळांवर) कलम केलेल्या नाहीत, आणि म्हणून हा प्रश्न जास्त. आपल्याकडं डॉगरिज खुंट का आला, हे ज्यांनी 1990 च्या दशकात खाऱ्या विहिरी पाहिल्यात त्यांना सांगायला नको.

आणि रत्नागिरी. तिथला समुद्र 27-28 अंशांचा. त्यावरून येणारा वारा दमट असतो, पण गार नसतो, आणि रात्रही उतरत नाही. पाऊस 3000 मिलिमीटरच्या आसपास, तोही उष्ण हवेत; वेलीला झोपायला थंडी नाही आणि बुरशीला सुट्टी नाही. समुद्र थंड असायला हवा, उन्हाळा कोरडा असायला हवा आणि पाऊस वेलीच्या झोपेच्या काळात पडायला हवा. कोकणात यातलं एकही नाही. आंब्यानं तिथं राज्य करावं हेच बरोबर.

नाशिकला समुद्राचं काम सुमारे 600 मीटरची उंची आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री करतात. पण एक फरक मला फार उशिरा उमगला. दोन्हीकडं शिराझची तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्येच. मॅकलारेन व्हेलला तेव्हा उन्हाळा संपत असतो, दर आठवड्याला दिवस थोडा गार होत जातो. नाशिकला ऑक्टोबर छाटणीची द्राक्षं थंडीत फुगतात आणि ऊन वाढत असताना पिकतात. तिकडं "आणखी चार दिवस थांबू" म्हटलं तर बऱ्याच वर्षी काही बिघडत नाही, उलट फायदा होतो. इकडं त्या चार दिवसांत आम्ल घसरतं. तिकडून शिकून आलेल्या माझ्यासारख्यांनी सुरुवातीला इथं तोडणी लांबवून चुका केल्या, त्या यामुळंच.

राहिला वाइनमेकरचा हात. उष्ण वर्षी आम्ही रात्री दोन-तीन वाजता यंत्रानं तोडतो म्हणजे फळ गार आत येतं, टार्टारिक आम्ल घालतो, रस सालींवर कमी दिवस ठेवतो. गार वर्षी थोडी देठासकट द्राक्षं टाकीत घालून पाहतो. यानं सालाची धार बोथट होते, पुसली जात नाही.

शेवटी तुमच्या बाटल्यांबद्दल. 2019 ची पुन्हा पिणार असाल तर आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रेड वाइन "खोलीच्या तापमानाला" प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, 16-18 अंशांची. मुंबईच्या 30 अंशांत कुठलीही दाट शिराझ मुरंबाच लागते. बाटलीचं बूच थोडं वर आलेलं किंवा कडेला चिकट ओघळ असेल तर ती वाटेत कंटेनरमध्ये तापलेली असण्याचीही शक्यता आहे, मग दोष सालाचा नाही. तसं नसेल तर काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर संपवा, तिथं तिचा दाटपणा उपयोगी पडतो. 2021 ची आणखी असेल आणि घरात खरोखर गार, अंधारी जागा असेल तर दोन-तीन वर्षं विसरा. नसेल तर स्वयंपाकघरातल्या कपाटात एक मे महिना काढण्यापेक्षा या रविवारीच उघडा.